प्लॉटचे व्हिडिओ काढायला कोणता कॅमेरा घ्यावा? आधी उसाचं पेमेंट खिशात राहू द्या



शनिवारी काष्टीच्या बाजारात गेलो होतो. जनावरांच्या बाजारातून बाहेर पडून चहाला थांबलो, तर एक तरुण जवळ आला. आपला चॅनेल बघतो म्हणाला. लगेच मोबाईल पुढे केला, त्यात दोन कॅमेऱ्यांचे स्क्रीनशॉट. "सर, वडिलांचं उसाचं पेमेंट आलंय. एक लाख वीस हजारापर्यंत द्यायला तयार आहेत. मी प्लॉट, रो-हाऊस, बंगले यांचे व्हिडिओ करून द्यायचा धंदा सुरू करतोय. यातला कोणता घेऊ?"

मी म्हणालो, "आज यातला कुठलाच घेऊ नकोस."

त्याचा चेहरा पडला. साहजिक आहे. त्याला वाटलं असणार, सर म्हणजे प्रोत्साहन देणारा माणूस, आणि हे तर पहिल्याच वाक्यात पाय ओढतायत. पण हाच प्रश्न मला गेल्या वर्षभरात इतक्या जणांनी विचारलाय की चहाच्या टपरीवर दिलेलं उत्तर इथे सविस्तर लिहितोय.

धंदा चुकीचा नाही, हे आधी सांगतो. नगर-दौंड रस्त्याला लागून प्लॉटिंगचे बोर्ड किती लागलेत ते तुम्ही रोज बघता. रेल्वे आहे, दौंड जवळ आहे. इथली, श्रीगोंद्याची, आजूबाजूच्या गावांची किती तरी मुलं पुण्याला, पिंपरी-चिंचवडला नोकरीला आहेत. त्यांना गावाजवळ दोन-तीन गुंठे हवेत, म्हाताऱ्या आई-वडिलांसाठी घर हवंय. पण पुण्याहून एक चक्कर मारायची म्हणजे त्यांचा अख्खा रविवार जातो. बायको, पोरं, गाडी, पेट्रोल. आणि इथे येऊन बघतात तर फोटोत दिसलेला रस्ता म्हणजे दुसऱ्याच्या शेतातली पायवाट. असे दोन रविवार वाया गेले की तो माणूस एजंटचा फोन उचलायचं बंद करतो. ही अडचण खरी आहे आणि तिच्यावर उत्तर देणाऱ्याला पैसे मिळतील. तुम्ही विकणार आहात तो त्याचा वाचलेला रविवार. हे डोक्यात बसलं की कॅमेऱ्याचा प्रश्न निम्मा सुटतो.

काष्टीच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी काय करतो, आठवा. बैल रंगवलाय, शिंगाला तेल लावलंय, गळ्यात नवा गोंडा आहे. शेतकरी तिकडे बघून न बघितल्यासारखं करतो. आधी जबडा उघडून दात मोजतो, मग चार पावलं चालवून बघतो, पाठीमागे जाऊन पाय बघतो. मारका आहे का, बसका आहे का, विचारतो. सगळं झाल्यावर मग दलालाच्या रुमालाखाली बोटं धरली जातात. तुमचा व्हिडिओ बघणारा पुण्यातला माणूस हाच शेतकरी आहे, फक्त त्याला जबड्यात हात घालता येत नाही. तो हात तुमच्या कॅमेऱ्यानं घालायचा असतो. आता सांगा, दात दाखवायला एक लाखाचा कॅमेरा लागतो का?

हिशोब मांडू या

समजा, तुम्ही एका व्हिडिओचे दीड हजार घेता. पेट्रोल, रिचार्ज, किरकोळ खर्च तीनशे धरा. हातात राहिले बाराशे. कॅमेरा एक लाख वीस हजारांचा. म्हणजे शंभर व्हिडिओ फक्त कॅमेऱ्याचे पैसे फिटायला. आठवड्याला दोन कामं मिळाली, आणि नव्या माणसाला तीही नशिबानं मिळतात, तर जवळजवळ वर्ष गेलं. त्या वर्षात घरात एक रुपया आला नाही. वर्षानं तोच कॅमेरा विकायला काढला तर निम्म्या-पाऊण किमतीला जाईल.

दुसरा हिशोब. चांगला फोन तुमच्याकडे आहेच. त्याला गिंबल साधारण आठ हजार, कॉलरला लावायचा वायरलेस माइक चार हजार, एक ट्रायपॉड आणि एक लांब काठी मिळून दोन हजार. चौदा हजार झाले. बारा व्हिडिओत फिटले. दीड महिना. किमती खाली-वर होतात, तुमच्या दुकानात विचारून घ्या, पण प्रमाण हेच राहतं. तेराव्या व्हिडिओपासून वडिलांना दाखवायला तुमच्याकडे पैसे असतात. बँकेत, सोसायटीत, घरात, कुठेही पुढचं भांडवल मागायला यापेक्षा चांगला कागद नाही.

"पण सर, क्वालिटी?" हा प्रश्न येणारच. त्यासाठी थोडं तांत्रिक बोलावं लागेल. कंटाळू नका, पैसे इथेच वाचतात.

खोलीत कॅमेरा मावतो का?

घराच्या व्हिडिओत सगळ्यात आधी बघायचं ते लेन्स किती रुंद बघते. मेगापिक्सेल, फोर-के नंतर. लेन्सवर मिलिमीटरचा आकडा असतो. आकडा जितका लहान, तितकं रुंद दिसतं. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात तो आकडा दीडपट किंवा त्याहून जास्त करून धरावा लागतो. उदाहरणार्थ, सोनीचा झेड-व्ही ई-टेन घेतला तर सोबत येणारी १६ ते ५० ची लेन्स प्रत्यक्षात २४ पासून सुरू होते. कॅननचा आर-फिफ्टी घेतला तर १८ ते ४५ ची लेन्स जवळजवळ २९ पासून. दोन्ही कॅमेरे चांगलेच आहेत, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण आपल्याकडच्या रो-हाऊसमधली बेडरूम असते दहा बाय दहा. एका भिंतीला पाठ टेकवून समोरची भिंत घ्यायची. २४ ची लेन्स आडवी धरली तर पंधरा फूट रुंदी दिसते, छान मावते. पण आज व्हिडिओ बघितला जातो उभ्या मोबाईलवर. रील उभी हवी. तीच लेन्स उभी धरली की साडेआठ फूटसुद्धा दिसत नाही. २९ ची असेल तर सातच फूट. म्हणजे हौसेनं आणलेल्या कॅमेऱ्यात दहा फुटांची भिंत मावली नाही!

मग दुकानदार म्हणतो, वाइड लेन्स घ्या. कॅननची १०-१८ आहे, सोनीची १०-२० आहे. घ्या म्हणायला त्याचं काय जातंय? कॅमेरा झाला, लेन्स झाली, मग त्या वजनाला झेपणारा मोठा गिंबल, कार्ड, जादा बॅटरी, बॅग. एक लाख वीसचे पावणेदोन कधी झाले कळत नाही.

तुमच्या फोनमध्ये जे ०.५ चं बटण असतं, ती साधारण १३ ते १६ च्या आसपासची लेन्स असते. १३ ची असेल तर उभी धरूनही त्याच खोलीत पंधरा फूट दिसतात. फुकटात! अडचण एकच, बऱ्याच मध्यम किमतीच्या फोनमध्ये ही लेन्स सगळ्यात कमजोर दिलेली असते. उजेडात बरी, पण अंधाऱ्या स्वयंपाकघरात चित्र चिखलासारखं होतं. म्हणून नवा फोन घेणारच असाल तर दुकानात मेन कॅमेरा बघू नका, तो सगळ्यांचाच चांगला असतो. ०.५ वर जा, दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात, काउंटरखाली व्हिडिओ काढा, आणि तो तिथेच मोठा करून बघा. किती रिझोल्यूशनला काढता येतो तेही बघा.

आता त्या ०.५ चा धोका. ती लेन्स खोटं बोलते. जवळचं मोठं करते, लांबचं आणखी लांब ढकलते. आठ फुटांचं स्वयंपाकघर लग्नाच्या हॉलसारखं दिसायला लागतं. काही एजंटांना हे फार आवडतं. ते म्हणतील, "अजून जरा मोठं दिसू दे की." इथे तुमची परीक्षा आहे. त्या हॉलसारख्या स्वयंपाकघरासाठी माणूस पुण्याहून आला आणि आत दोन माणसं उभी राहीनात, तर त्याचा राग एजंटवर जाईल, एजंटचा तुमच्यावर. माझा नियम सोपा आहे: प्रत्येक खोलीत टेप लावायची, कॅमेऱ्यासमोर. "दहा फूट दोन इंच, इकडून नऊ फूट आठ इंच." मग लेन्स कितीही रुंद असू द्या, आकडा खरा बोलतो. फोन छातीच्या उंचीवर, सरळ. वर-खाली कलवला की भिंती तिरक्या पडतात.

उजेडाचं दोन वाक्यांत सांगतो. सकाळी किंवा चारनंतर जा, सगळ्या खिडक्या उघडा, आणि खिडकीला पाठ करून उभे राहा. रात्री ट्यूबखाली काढायची वेळ आली आणि पडद्यावर काळे पट्टे पळताना दिसले, तर आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे म्हणून ते होतं. प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० करा, पट्टे थांबतात.

आणि आवाज. चित्र थोडं हललं तर लोक चालवून घेतात, आवाज घुमला की बोट वर सरकतं. रिकाम्या घरात, जिथे फर्निचर नाही, पडदे नाहीत, तिथे आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. बाहेर प्लॉटवर वारा आणि हायवेच्या ट्रक. चार हजारांचा माइक सव्वा लाखाच्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त काम करतो, हे मी लिहून द्यायला तयार आहे. माइकवर केसाळ टोपी लावायला विसरू नका. ती शंभर-दोनशे रुपयांची वस्तू हरवतेच, दोन ठेवा.

प्लॉटचा व्हिडिओ म्हणजे चतुःसीमा

घरापेक्षा प्लॉटचा व्हिडिओ अवघड. दाखवायला काहीच नसतं! माती, चार दगड, एक बाभळ. म्हणून लोक गाणं लावतात, सूर्यास्त लावतात, आणि "गुंतवणुकीची सुवर्णसंधी" असं लिहितात. अशा दहा रील एका पाठोपाठ बघा, कोणता प्लॉट कुठला ते सांगता येणार नाही.

आपल्या खरेदीखतात याची पद्धत पूर्वीपासून आहे. चतुःसीमा. पूर्वेस अमुक, दक्षिणेस तमुक, पश्चिमेस रस्ता, उत्तरेस कोणाची तरी जमीन. व्हिडिओ तसाच करा. डांबरी रस्त्यापासून कॅमेरा चालू करा आणि न थांबता, न कापता प्लॉटपर्यंत चालत या. तोच तुमचा चालवून दाखवलेला बैल. वाटेत रस्ता अरुंद झाला तर थांबा, टेप लावा, आकडा सांगा. मग चारी कोपऱ्यांवर उभे राहून चारी दिशा. डीपी कुठे आहे, पोल किती लांब, वरून तार जाते का, शेजाऱ्याचं बोअर, पाटाचं पाणी पावसाळ्यात कुठपर्यंत येतं. मालकाला विचारा, मालक नाही सांगितला तर शेजाऱ्याला विचारा, आणि जेवढं खात्रीचं तेवढंच बोला.

उंचीवरून दिसल्याशिवाय प्लॉटचा आकार कळत नाही, हे खरं. इथे सगळ्यांना ड्रोन आठवतो. थांबा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलट सर्टिफिकेट लागत नाही, पण त्याच्यावरचं ड्रोन पैसे घेऊन उडवायचं तर लागतं. शिवाय डिजिटल स्कायच्या नकाशावर तुमची जागा हिरव्या भागात आहे का हे उडवण्याआधी बघावं लागतं. आपल्या जिल्ह्यात नगरला लष्कराची मोठी केंद्रं आहेत, त्यामुळे "आपल्या गावात कोण विचारतंय" ही भाषा धंदेवाल्याची नव्हे. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे, तेव्हा कोणी "बाहेरून आणून देतो, स्वस्तात" म्हणालं तर बिल, वॉरंटी, नोंदणी यांचं काय होणार ते आधी विचारा. महिन्यातून एखाद्या कामाला ड्रोन लागला तर लग्नाचं शूटिंग करणाऱ्या, सर्टिफिकेट असलेल्या माणसाला बोलवा आणि ते पैसे वेगळे लावा.

बाकीच्या कामाला रंगाऱ्याची लांब काठी. पंधरा फुटांची, सरकणारी. वर फोनचा क्लॅम्प घट्ट बसवा, दोरीनं आणखी एकदा बांधा, रेकॉर्डिंग चालू करा आणि काठी उभी करून हळू फिरवा. पंधरा फुटांवरून दोन-तीन गुंठ्यांचे चारी दगड दिसतात. दगडांना चुना लावून घ्या, नाहीतर दिसणार नाहीत. विजेच्या तारेखाली ही काठी उभी करायची नाही, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

व्हिडिओ म्हणजे जाहिरात, आणि जाहिरातीला कायदा आहे

हा भाग कोणी शिकवत नाही म्हणून लिहितो. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचं प्लॉटिंग किंवा आठपेक्षा जास्त घरांचा प्रकल्प असेल तर तो महारेराकडे नोंदवल्याशिवाय त्याची जाहिरात करता येत नाही. जाहिरातीत नोंदणी क्रमांक लागतो, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. तुमची रील हीसुद्धा जाहिरातच. रेरा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि नुकसान झालं तर प्रवर्तकाला भरपाई द्यावी लागते. अशा प्रकल्पातली घरं-प्लॉट विकून कमिशन घ्यायचं असेल तर एजंट म्हणून स्वतःची नोंदणी लागते. तुम्ही फक्त शूटिंगचे पैसे घेता की विक्रीवर टक्केवारी, हे पहिल्याच दिवशी ठरवा. "बघू, काहीतरी द्या" यात दोन्हीकडून अडकता.

शूटिंगला जाण्याआधी गट नंबर मागा आणि महाभूलेखवर सातबारा उघडून बघा. डिजिटल सहीचा १५ रुपयांत मिळतो. नाव जुळत नसेल, इतर हक्कात बोजा दिसत असेल, तर कॅमेरा बॅगेतच राहू द्या. एक काम जाईल, जाऊ द्या. काष्टीसारख्या ठिकाणी कोणत्या पोरानं कोणता प्लॉट खपवायला मदत केली हे लोक विसरत नाहीत. उद्या त्याच माणसाच्या भावकीत तुमची सोयरीक निघायची.

मग कॅमेरा घ्यायचाच नाही का?

घ्यायचा. पण कामानं मागितल्यावर. फोनवर पंचवीस-तीस व्हिडिओ झाले, त्यातल्या पाच गिऱ्हाइकांनी दुसऱ्यांदा बोलावलं, आणि फोन कुठे कमी पडतो हे तुम्हाला नेमकं सांगता यायला लागलं, की घ्या. बहुतेकांचं उत्तर "चालताना हलतं आणि अंधारात बिघडतं" असं निघतं. तसं असेल तर माझं मत गिंबलसकट येणाऱ्या छोट्या कॅमेऱ्याकडे झुकतं. २०२३ च्या ऑक्टोबरात आलेला ऑस्मो पॉकेट थ्री या जातीचा. एक इंचाचा सेन्सर, २० ची लेन्स, खिशात मावतो. फक्त भारतात वॉरंटी कोण देणार ते बिलावर लिहून घ्या. बंगले, हॉटेलं, रिसॉर्ट यांची मोठी कामं यायला लागली, फोटोही मागायला लागले, तेव्हा लेन्स बदलणारा कॅमेरा आणि वाइड लेन्स. तोही आधी दोन-तीन कामांना भाड्यानं आणून बघा. ३६० अंशाचे कॅमेरे सध्या सोडून द्या. दिसायला भारी, पण आपला गिऱ्हाईक व्हॉट्सअॅपवर तीन मिनिटांचा व्हिडिओ बघतो आणि तो आधी बायकोला फॉरवर्ड करतो.

माझं चुकत असेल तर एका बाबतीत चुकू शकतं. काही बिल्डर कॅमेऱ्याचा आकार बघून दर ठरवतात. मोठा कॅमेरा खांद्यावर दिसला की पाच हजार, हातात फोन दिसला की पाचशे. हे होतं, मी नाकारत नाही. अशा माणसाला आधीचे तीन व्हिडिओ दाखवा आणि त्यावरून किती फोन आले ते सांगा. तरीही तो कॅमेराच मोजत असेल तर त्याचं काम तूर्तास दुसऱ्याला करू द्या.

त्या तरुणाचं पुढे काय झालं? त्यानं माइक आणि गिंबल घेतला, काठी चुलत्याकडून आणली, चुलते रंगकाम करतात. पहिला व्हिडिओ ओळखीच्या एका रो-हाऊसचा केला, फुकट. त्यात त्यानं मागच्या भिंतीला आलेली ओल दाखवली. घरमालक चिडले. म्हणाले, ती कापून टाक. त्यानं मला फोन केला, "सर, काय करू?" मी म्हणालो, मालकांना विचार, ओल बुजवायला किती खर्च येईल. त्यांनी गवंड्याला विचारलं आणि आकडा सांगितला. पोरानं ओल तशीच ठेवली आणि खाली तो आकडा लिहिला. चिंचवडहून एक कुटुंब बघायला आलं. घरात शिरल्यावर आधी सरळ मागच्या भिंतीकडे गेले, हात लावला, आणि मग बसून चहा घेतला. सौदा अजून चालू आहे. मालकांनी मात्र भावाच्या प्लॉटचा व्हिडिओ करायला त्याला बोलावलंय, दीड हजार ठरलेत.